तिच्यासाठी कुठला मुलूख घ्यावा?

प्रिय जावईबापू,

तुझा निरोप मिळाला. बायको रुसून ताईकडे, म्हणजे माझ्याकडे, येऊन बसली आहे, आपल्या गेमची तीन नवी एक्स्पान्शन, म्हणजे तीन नवे मुलूख, आले आहेत, त्यातलं कुठलं भेट दिलं तर ती हसेल, असं विचारलं आहेस. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला अहोजाहो करायची रीत आहे आणि मी तर तुझी आक्कडसासू. पण इतकी वर्षं आपण तिघं एका टोळीत राक्षस कापतो आहोत. ज्याच्या शेजारी उभं राहून गुडघाभर रक्तात लढले, त्याला अहो म्हणायला माझी जीभ वळत नाही. शिवाय मी मटणवाली. दिवसभर ओंडक्यावर सत्तूर चालवायचा आणि घरी येऊन करमणूक म्हणून पुन्हा तेच करायचं, यावर पोट धरून हसणारा पहिला माणूस तूच. म्हणजे सल्ल्याला माणूस बरोबर निवडलास. कागदावर लिहिते आहे, कारण स्क्रीनवर माझा निरोप दोन ओळींपेक्षा लांबला की तू नुसता अंगठा दाखवतोस.

पहिलं 'हिमसमाधी'. बर्फाचा मुलूख आणि ताडाएवढे राक्षस. ते माणसाला मुठीत धरून पिळतात, मग खडकावर आपटतात. रक्त बर्फावर छान उठून दिसतं, त्यात वाद नाही. पण बरगडी मोडल्याचा आवाज साफ चुकलाय. ओली फांदी मोडावी तसा करकरतो. खरं हाड एवढा गाजावाजा करत नाही रे. धंद्यामुळे कळतं म्हणून सांगितलं. आणि या मुलखात वैद्याला फारसं कामच नाही, सगळे एका फटक्यात मरतात. आपली बाई तर वैद्य. ते तूच ठरवलंस, आठवतंय ना? तुमचं लग्न नवं होतं. तू दोन खुर्च्या मांडून शिकवायला बसला होतास आणि मी माझ्या घरून हेडफोनवर ऐकत होते. 'मी तलवार, ताई ढाल, ही वैद्य, कारण हिला मारामारी जमायची नाही,' असं म्हणालास. अरे, या पोरीने लहानपणी एका भोवऱ्यापायी माझ्या दंडाचा लचका तोडला होता. व्रण दाखवीन कधीतरी. पण तेव्हा ती तुझ्याकडे बघून लाजली आणि मी म्हटलं, जाऊ दे, नवी नवरी आहे.

दुसरं 'कवट्यांचं बंदर'. चाचे, आकडे, माणूस गळाला लावून जहाजावर ओढून घ्यायचा आणि डेकवर सोलायचा. यात वैद्याला भरपूर काम आहे. तिच्या स्क्रीनवर आपल्या सगळ्यांच्या रक्ताच्या पट्ट्या असतात, कोण किती मेलाय ते आपल्याआधी तिला कळतं. ही नजर तिला कायमची लागली आहे. परवा माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाने नुसता आवाज चढवला, तर ही माझ्यामागे सरकून त्याच्या कपाळाची शीर बघत राहिली. मी म्हटलं, अगं, त्याला फक्त खिमा हवाय.

बंदरातला शेवटचा राक्षस म्हणे आपल्या रविवारच्या सर्पाचा थोरला भाऊ आहे. रविवार तुला आठवत असेलच, तुझी तलवार गेली तो. भर दुपारी, माझी ढाल पुढे पोचायच्या आत तू एकटाच आत घुसलास आणि सर्पाने तुला कमरेतून तोडलं. मीही पडले. तिच्याकडे एकच जीवदान शिल्लक होतं, ते तिने मला दिलं. ढाल आधी उठवायची, हा नियम तुझाच. पण मेल्यामुळे तुझी ती लाडकी तलवार गेली. तू एक शिवी हासडलीस, मग तुझी खुर्ची करकरत मागे सरली. तुझा योद्धा वेटोळ्याशेजारी उताणा पडला होता, जावईबापू, आणि तुझा माइक चालू होता.

आधी काहीतरी फुटलं. मग तिचा आवाज आला. अहो, हात नको, हात सोडा, असं म्हणत होती. मग आवाज आला तो फांदीसारखा नव्हता. अगदी बारीक होता. मी ढाल धरून उभी होते, सर्प मला चावत होता आणि मी तुमच्या घरापासून तासाभराच्या रस्त्यावर होते. मग ती परत आली. तिचे मंत्र एकेक करून, अडखळत येऊ लागले. एका हाताने, डाव्या. तोवर जीवदान पुन्हा भरलं होतं. तिने सगळ्यांत आधी तुला उठवलं. आणि तू खुर्चीत बसून म्हणालास, काय ताई, नेट गेलं होतं का तुमचं? मी त्याच पावली निघाले आणि संध्याकाळी तिला घेऊन आले. तू दारात म्हणालास, दोन दिवस राहू दे, राग शांत होईल. कोणाचा, ते नाही म्हणालास.

तिसरं राहिलं, 'बिनपहाऱ्याची नगरी'. टोळीतल्याची तलवार टोळीतल्याला लागत नाही, अंगातून आरपार जाते, हा आपल्या गेमचा नियम तिथे नाही. तिथे आपलाच माणूस झोपेत आपला गळा चिरू शकतो. मी तिला ही जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली. प्लास्टर मांडीवर घेऊन बसली होती. या आठवड्यात पहिल्यांदा हसली. म्हणाली, ताई, हे तर माझ्याकडे लग्नापासूनच आहे.

तेव्हा काही घेऊ नकोस. पोलिसांत तक्रार झाली आहे, डॉक्टरांचा कागद जोडला आहे, पुढचं ते सांगतील. आता एवढं लांबण का लावलं, ते ऐक. गेमबद्दलचा सल्ला म्हटल्यावर तू जागचा न हलता वाचशील, हेडफोनही न काढता, याची मला खात्री होती. तेवढ्या वेळात ती मागच्या दाराने आत गेली आहे. तिची सर्टिफिकिटं, शिवणयंत्र आणि कपडे घेते आहे. एका हाताने वेळ लागतो, म्हणून मी तीन मुलुखांचं एवढं वर्णन केलं. पत्र देणारा माझ्या दुकानातला माणूस जिन्यात थांबला आहे. आणि मी आतल्या खोलीच्या दारात, तुझ्या खुर्चीच्या बरोबर मागे उभी आहे. दुकानातून तशीच आले, एप्रनसुद्धा उतरवलेला नाही. वळून बघितलंस तरी चालेल. फक्त ती बाहेर पडेपर्यंत उठू नकोस.

तुझीच, अजून थोडाच वेळ,
आक्कडसासू