पांढऱ्या टाचण्या

२ तारीख, सोमवार

रुजू झाले एकदाची! ऑफिस झकास. भिंतभर देशाचा नकाशा, आणि साथ कुठवर पसरली ते त्यावर टाचण्या लावून दाखवायचं. जिल्ह्याजिल्ह्यातले डॉक्टर फोनवर आकडा सांगतात. रुग्ण असतील तर लाल टाचणी, नसतील तर पांढरी. संध्याकाळी नकाशाचा फोटो टीव्हीवर जातो. फोनवर ताई म्हणाली, बाईसाहेब आता कसल्या भाव खाणार!

एकच घाण. टाचण्या लावणारे म्हातारे गृहस्थ आहेत, सगळे त्यांना टाचणीमामा म्हणतात. ते टाचण्या ओठांत धरतात, आणि उरलेल्या तशाच ओल्या माझ्या तळहातावर ठेवतात. शी! साबण संपेस्तोवर हात धुतले.

५ तारीख, गुरुवार

रोग नेमका कसा होतो ते आज एका डॉक्टरने फोनवर सांगितलं आणि माझा डबा तसाच परत आला. थुंकी घट्ट होत जाते. आधी तारा सुटतात, मग पिवळी खळ होते, शेवटी ओठच चिकटतात. वास आंबलेल्या पिठाचा.

ज्या जिल्ह्याचा फोन येत नाही त्याचं काय, असं साहेबांना विचारलं. म्हणाले, शून्य धरायचं, पांढरी लावायची. काही असतं तर त्यांनी बोंब मारली नसती का? पटलं मला.

९ तारीख, सोमवार

डोंगराकडचा अख्खा पट्टा पांढरा झाला! साहेबांनी खुशीत सगळ्यांना चहा पाजला. मामांच्या कपातून ओठापर्यंत एक लांबलचक तार आली. मी तोंड फिरवलं.

ताईच्या गावात, तिच्याच गल्लीत रुग्ण निघालेत, आणि तिचं बाळ अजून अंगावर पितंय. मी तिला डोंगराकडे पाठवलं, तिच्या मावससासूकडे. ताई म्हणाली, तू सांगतेस म्हणजे विषयच संपला.

१२ तारीख, गुरुवार

मामा आले नाहीत. त्यांची डबी उघडली तर टाचण्यांचा एकच चिकट गोळा. नखांनी सोडवल्या. ओकारी दाबली. मग स्टुलावर चढले, एका हाताने भिंत धरली, दुसऱ्याने टाचणी खुपसली, आणि बाकीच्या —

ओठांत धरल्या होत्या. मी! कळलं तेव्हा आंबट चव जिभेवर होती. बेसिनमध्ये भडभडून ओकले.

१३ तारीख, शुक्रवार

ताईचा फोन. रडत होती. त्या गावात घराघरांत माणसं बसलीत, तोंडं चिकटलेली, नुसती बघतात. दवाखान्यात डॉक्टर फोनपुढेच बसलाय, रिसीव्हर गालाला चिकटलेला. ती बाळाला घेऊन पळालीय. बाळ बरं आहे. ती बरी आहे.

म्हणजे फोन येत नाहीत ते — सगळा पांढरा पट्टा — अरे देवा.

साहेबांकडे धावले, ओरडून सांगितलं. साहेब हसले. दातांमधून पिवळ्या तारा ताणल्या गेल्या.

१४ तारीख

आपल्याच शहराच्या डॉक्टरचा फोन नाही. लाल टाचणी मी हाताने झाकून धरली. साहेबांनी माझी बोटं उचकटून पांढरी लावली. त्यांचे हात बुळबुळीत. फोटो गेला.

थुंकी गिळली जात नाही. आरशात बघितलं. किळस येते माझीच —

१५

ओठ उघडत नाहीत. चमच्याने प्रयत्न केला. कातडी निघाली. वास —

फोन. ताई. बसस्टँडवरून.

म्हणते, तुझं शहर पांढरं दाखवलंय, पण टाचणीवर आता माझा काडीचा भरवसा नाही. तूच सांग. यायला नको असेल तर तसं म्हण.

मी रिसीव्हरवर नखं आपटतेय. म्हणते, लाइनीत खरखर आहे. मागे बाळ रडतंय.

नाकातून ओरडले. आवाज नाही, नुसते बुडबुडे —

म्हणते, गप्प आहेस म्हणजे ठीक आहे ना? काही असतं तर तू बोंब मारली असतीस.

हसली. बस सुटतेय म्हणते. ताई नको ताई न —