याडीचा ढावलो आणि माझा कॉम्प्युटर

बोरी अरब, ता. दारव्हा
२४ एप्रिल २००७

आदरणीय गुलाबसिंगभाऊ यांना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे सेवादासचा, वाकून राम राम. सेवालाल महाराजांच्या कृपेनं इकडे सगळं ठीक आहे. वहिनींचे गुडघे काय म्हणतात, तुमचं पित्त नागपूरच्या पाण्याला सरावलं की नाही, आणि रंजनाच्या लग्नाची तयारी कुठवर आली, ते कळवावं. तुमची बहीण माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे असं समजावं.

पंधरा दिवसांपूर्वी मंगळवारी सकाळी मी एक काम केलं, ते आधी सांगतो. अंघोळ करून, महाराजांच्या तसबिरीपुढं दिवा लावून दुकान उघडलं, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. (उंबऱ्यावर फोडला. पाणी यंत्रात जाऊ नये एवढी अक्कल गावच्या शाळेनंही दिली आहे.) खोबऱ्याचा तुकडा तोंडात असतानाच तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, लग्न मोठ्या लॉनवर आहे, ऑफिसचे साहेब येणार, जावई पुण्यात वाढलेले, त्यांचे मित्र येणार; तेव्हा याडीला समजावून सांगा की निरोपाच्या वेळी नवरीला गळ्यात घेऊन सुरात रडायचं नाही, ढावलो म्हणायचा नाही. टीव्हीवाल्यांनी इतकी वर्षं आपल्या जिल्ह्याचं रडणंच दाखवलं, यवतमाळचं नाव काढलं की लोक आधी हळहळतात, निदान लग्नात तरी आपलं माणूस रडताना दिसू नये. तोंडात खोबरं होतं म्हणून मी नुसतं 'हूं' केलं. तुम्ही तो होकार धरलात. याडी (तुमची आई, माझी सासू, हाक मात्र दोघांचीही याडीच) रोज डोळ्यांसमोर असूनही तुमचा निरोप मी तिला अजून का दिला नाही, त्याचा हा खुलासा आहे. तो लांबेल.

नारळाचं कारण असं. देवसिंग नायकाच्या शीलाचं लग्न मी शूट केलं आणि त्याच्या मिक्सिंगसाठी यवतमाळहून नवा प्रोग्राम आणला. भाऊ, काय त्याची करामत सांगू! नवरदेव मांडवात आला की पुस्तकाचं पान उलटावं तसा पडदा उलटतो, पंगतीवर चांदण्या फिरतात, आणि एक कळ दाबली की माणसांवर गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस. माझ्या पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मिठाची पोती वाहिली, आणि मी खुर्चीत बसून पाकळ्या वाहतो. ज्या कोणी हे बनवलं त्याला मी इथूनच हात जोडले. सगळं लग्न सुरळीत पार पडलं, म्हणजे पडद्यावर. मग निरोपाची वेळ आली. शीला याडीच्या गळ्यात पडली, याडीनं पदर सावरून पहिला श्वास घेतला, आणि पडदा निळा झाला. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि यंत्र स्वतःहून बंद पडलं. पुन्हा चालू केलं. हळद झाली, जेवणं झाली, याडीनं श्वास घेतला आणि यंत्रानं डोळे मिटले.

आता अशा वेळी माणूस काय करतो? आधी विजेला शिव्या देतो. भारनियमन असताना ते सोपंही जातं. पण इन्व्हर्टरवरही तेच. मग मी डबा उघडून धूळ झटकली, मेमरीची पट्टी काढून शाळकरी खोडरबरानं घासली (दारव्ह्याचा कारागीर पैसे घेऊन हेच करतो), कूलरचं तोंड यंत्राकडे वळवलं आणि स्वतः घामात बसलो. कॅसेट पुन्हा भरली. कशाचा काही उपयोग नाही. शेवटी नारळ. नारळानंतर यंत्र थोडा वेळ जास्त टिकलं असं मला वाटलं, पण ती माझी श्रद्धा असावी.

शेजारी भीमसिंगचं शिलाईचं दुकान आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचं तोंड त्याच्या मशीनपेक्षा जोरात चालतं हेही ठाऊक आहे. तो कापड खांद्यावर टाकून माझ्यामागं उभा होता. दोनदा त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "सेवादास, हे मशीन बिघडलं नाही बे. हे तुह्या सासूचा, धनीबाईचा ढावलो आयकून गहिवरून राह्यलं." मी हसलो. पण तो हसला नाही, आणि दुपारपर्यंत तांडाही हसला नाही. बाया आल्या, म्हातारे आले, शेतातून येणारे बैलगाडी उभी करून आत डोकावले. "लाव ना गा एकडाव." मी लावायचो, यंत्र बंद पडायचं, आणि सगळे समाधानानं मान हलवायचे. हॉटेलवाल्या रामलालचा चहाचा धंदा त्या दिवसांत असा झाला की यंत्र दुरुस्त करू नका म्हणून तो मला फुकट चहा पाजू लागला.

मग खुद्द याडी आली. ठेवणीतला घेरदार फेटिया घालून, चांदी लेवून, एखाद्या पंचाइतीला यावं तशी. खुर्चीवर बसली, स्वतःला पडद्यावर पाहिलं, श्वास घेतला, आणि पडदा निळा. सगळं दुकान तिच्याकडे बघत होतं. ती म्हणाली, "कमजोर हाये बिचारं. सुरुवातीलेच आटपलं. पुरं आयकलं असतं त जळूनच गेलं असतं." मग जाताना यंत्राच्या डब्यावरून हात फिरवला. भाऊ, सासूचं कौतुक करायला जावयाला धीर लागतो, पण खरं सांगतो, त्या आठवड्यात याडी दहा वर्षांनी लहान झाली. रस्त्यानं चालताना लोक बाजूला व्हायचे. अशा वेळी तिला कोणत्या तोंडानं सांगू की नागपुरात तुम्ही रडायचं नाही?

पुढचा घोळ हंसाबाईनं केला. हंसाबाई म्हणजे देवसिंगची थोरली बहीण. ढावल्यात तिचं आणि याडीचं जुनं वैर. शीला तिच्याही गळ्यात पडून रडली होती. तो भाग मी लावला तर यंत्रानं तो सगळा, अगदी शेवटच्या हुंदक्यापर्यंत, शांतपणे दाखवला. हंसाबाईचा चेहरा पडला. "माह्या रडण्यात पाणी घातलं होतं काय रे? काहून बंद नाही पडत हे?" मी यंत्राची बाजू घेऊन पाहिली, ती आणखी चिडली. पडद्याखालच्या पट्टीतल्या फुलाच्या खुणेकडं बोट करून म्हणाली, "धनीबाईवर फुलं टाकली तुनं. मले नाही टाकली. सासूची बाजू घेतो." हे खरं होतं. सासू म्हणून मी याडीच्या प्रसंगावर पाकळ्यांचा पाऊस टाकला होता. हंसाबाईची समजूत काढावी म्हणून मी तिच्यावरही पाकळ्या टाकल्या आणि कळ दाबली.

पडदा निळा झाला.

हंसाबाई दोन्ही हात वर करून दुकानाबाहेर गेली ती थेट तांड्यात सांगत गेली. मी मात्र तिथंच बसून राहिलो. रडणारी बाई बदलली, पाकळ्या तेवढ्या त्याच होत्या. आठवडाभर मी कॅसेटवर, विजेवर, धुळीवर आणि परमेश्वरावर संशय घेतला. स्वतः टाकलेल्या फुलांवर घेतला नाही. ज्यात आपली हौस असते तिथं आपण दोष शोधतच नाही, हे त्या दिवशी मला कळलं. याडीला हंसाबाईची बातमी रामलालकडून कळली. दुसऱ्या दिवशी ती दुकानाकडे फिरकली नाही.

मी निळ्या पडद्यावरची अक्षरं कागदावर जशीच्या तशी उतरवली, डबा उघडून आतल्या डिस्प्ले कार्डावरचा नंबर भिंगातून वाचला आणि यवतमाळला नेट कॅफेत गेलो. तिथल्या माणसानं कागद पाहून सांगितलं, कार्ड चांगलं आहे, प्रोग्राम चांगला आहे, मधला ड्रायव्हर जुना आहे. ड्रायव्हर म्हणजे काय ते मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं, तसंच तुम्हाला सांगतो. आपल्या लहानपणी तलाठी तांड्यावर आला की देवसिंगचे आजोबा मध्ये उभे राहायचे. तलाठी मराठीत बोलायचा, ते आपल्या गोरमाटी बोलीत सांगायचे. पुढं योजना आल्या, कर्ज आलं, विमा आला, तलाठ्याच्या तोंडी असे शब्द आले जे आजोबांनी कधी ऐकलेच नव्हते. माणूस भला, पण शब्द कळेना. मग ते फेटा सावरत गप्प उभे राहायचे आणि सगळी बैठक उठून जायची. माझ्या यंत्रातला दुभाष्या असाच होता. पान उलट म्हटलं, कळलं. चांदण्या फिरव म्हटलं, कळलं. पाकळ्या म्हटलं की बिचारा गप्प आणि बैठक बरखास्त. त्याला हाकलायचं नव्हतं, नव्या बोलीचा माणूस त्याच्या जागी बसवायचा होता. पहिल्या खेपेला मी दुसऱ्याच कार्डाचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन आलो (भिंगातून तीनचा आठ दिसला) आणि पडद्यावरची सगळी अक्षरं भोपळ्याएवढी झाली. दुसऱ्या खेपेला बरोबर आला. जुना काढला, नवा बसवला, यंत्र बंद करून चालू केलं, आणि पाकळ्या पडल्या. याडीवर पडल्या, हंसाबाईवर पडल्या, यंत्र हू की चू न करता चालत राहिलं.

आणि भाऊ, याडीचा ढावलो मी तेव्हा पहिल्यांदा पुरा ऐकला. लग्नात मी कॅमेऱ्याच्या मागं होतो, बॅटरी किती उरली तिकडं माझं लक्ष. शीला रडत म्हणते, याडी, तुझ्या अंगणातली चिमणी मी, मला का उडवतेस. आणि आपली याडी तिला सुरातच सांगते, की अंगण माझंही नव्हतं, मीही अशीच उडून आले, आणि बघ, माझं काही वाईट झालं का. तिच्या गालावरून पाणी वाहतंय, आवाज मात्र कुठं हलत नाही. शेवटचा सूर संपला आणि दुसऱ्याच क्षणी, डोळे न पुसता, ती मागं वळून विचारते, "पाव्हण्यायले चहा भेटला का रे?" हे सगळं पाकळ्यांनी झाकलं होतं. मी पाकळ्या काढून टाकल्या. इतकी खटपट करून आणलेला ड्रायव्हर त्या प्रसंगाला लागलाच नाही. (पंगतीवर टाकल्या आहेत. भातावर छान दिसतात.)

याडीला मी घरी जाऊन खरं ते सांगितलं. यंत्राला नवं समजत नव्हतं म्हणून ते बंद पडत होतं, तुमच्या रडण्यानं नाही. ती धान्य निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "आता समजते त्याले?" म्हटलं, हो. "पुरं आयकलं त्यानं?" हो. "मंग ठीक हाये. बंद पडण्यापरीस आयकणं बरं."

टीव्हीवाल्यांचं तुम्ही बोललात म्हणून आठवलं. गेल्या वर्षी तसे लोक आपल्या तांड्यावरही आले होते. ढावल्याची कीर्ती ऐकून त्यांनी याडीपुढं माईक धरला आणि म्हणाले, आजी, थोडं रडून दाखवता का? तिनं त्यांना विचारलं, "कोणाची पोरगी चालली सासरी?" कोणाचीच नव्हती. मग तिनं त्यांना ताक पाजलं आणि वाटेला लावलं. तुम्ही ज्या रडण्याला भिता ते तिनं त्यांना दिलं नाही, भाऊ. हे दुसरं आहे.

सीडी सोबत आहे. सवडीनं पाहावी, आवाज मोठा ठेवावा. वहिनींना नमस्कार, रंजनाला आशीर्वाद.

आपला,
सेवादास

ता. क. सीडी अडकली तर ती फडक्यानं मधून कडेकडे पुसावी, गोल पुसू नये.

ता. क. दुसरा. तुमची बहीण म्हणते की पत्रात मूळ मुद्दा राहिला. मूळ मुद्दा असा की तुमचा निरोप याडीला देणं मला जमलं नाही आणि जमणारही नाही. मुलगा तुम्ही आहात, तुम्हीच सांगा.

ता. क. तिसरा. हे यवतमाळच्या स्टँडवर उभ्यानं लिहितो आहे, अक्षराला हसू नये. लग्नाला अजून पाच दिवस आहेत, पण याडी म्हणाली, रंजनाला ढावलो शिकवायला एवढे तरी पाहिजेत. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून पत्र तिच्याच हाती देतो आहे. तिला वाचता येत नाही, तेव्हा तुम्ही वाचाल तेव्हा ती समोर बसून तुमचं तोंड बघत असेल. नागपूरच्या गाडीत खिडकीजवळची जागा धरून तिला बसवून दिलं आहे.