हात मागे ठेवणं

१ ऑक्टो. २०१५, हायडेलबर्ग
नर्सिंगच्या आउसबिल्डुंगचा, म्हणजे काम करत शिकण्याचा, पहिला दिवस. तीन वर्षं, शाळा आणि वॉर्ड आलटून पालटून. फी नाही, उलट दरमहा पगार; खोली आणि जेवण त्यात भागतं. पप्पांना फोनवर तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा, "बरं, पण इंजिनिअरिंगचं काय?"
पुण्यात दोन वर्षं पेशंट-मॉनिटर दुरुस्त केले. वायरच्या दुसऱ्या टोकाचा माणूस कधी पाहिला नाही. म्हणून ते सोडून इथे आले.
प्रोबेत्साइट, म्हणजे पारखण्याचा काळ, सहा महिने. त्यात नापास तर करार संपला, व्हिसाही.

९ नोव्हें.
वृद्धांचा वॉर्ड. मला शिकवणाऱ्या सिस्टर, फ्राऊ के., साठीच्या जवळच्या, कमी बोलणाऱ्या. माझे बूट फरशीवर घसरतात हे पाहून कपाटातला स्वतःचा जादा जोड काढून दिला. "परत नको." माप बरोबर. डांके म्हटलं. कमी पडलं.

२० डिसें.
आई म्हणाली, पप्पा विहारात सगळ्यांना सांगतात, मुलगी जर्मनीत मेडिकल टेक्नॉलॉजीत आहे.

२५ फेब्रु. २०१६
हेर व., ७८, निवृत्त बसचालक. पॅरालिसिसनंतर उजवा हात मंद. आज स्पंजिंग, कपडे, सगळं अठरा मिनिटांत. चादरीवर एक थेंब नाही. नाश्ताही भरवला. खूश होते स्वतःवर.
कॉरिडॉरमध्ये फ्राऊ के. : "स्वच्छ काम. आता सांग, त्यांचा उजवा हात आज कुठपर्यंत वर गेला?"
माहीत नव्हतं.
"गेनाऊ, तेच तर. तू तो वापरूच दिला नाहीस. महिन्याभरात ते घरी जातील. एकटे राहतात. तिथे तू नसशील."
वॉर्डवरची परीक्षा १७ मार्चला, हेर व. यांच्यावरच. तेव्हाही असंच केलं तर पास करणार नाही, हेही सांगितलं. आवाज न चढवता. आज सांगितलं, तेव्हा नाही, याबद्दल आभार.
आईला फोन. "आजारी माणसाला कामाला लावायचं? तुझ्या आजोबांना मी शेवटपर्यंत हाताने भरवलं."
आजोबांना चमचा धरता येत होता. मला आठवतं.

३ मार्च
ओला टॉवेल हेर व. यांच्या उजव्या हातात दिला. मी हात मागे बांधून उभी. चेहऱ्याला सात मिनिटं. मी घड्याळ पाहिलं, ते त्यांनी पाहिलं.
"सिस्टर, ट्रेन आहे का तुमची?"
नाही म्हटलं.
"मग बसा. माझ्या बसमध्ये घाई करणाऱ्यांना मी पुढच्या स्टॉपवर उतरवायचो."
बसले. हात हनुवटीपर्यंत. नोंद केली.

११ मार्च
हात कपाळापर्यंत. त्यांनीच सांगितलं, "हे लिहा."

१६ मार्च
पप्पांचा फोन, स्वतःहून. विहारात कुणीतरी नेमकं काय शिकते विचारलं. "नर्सिंग म्हणालो. तर देशमाने काकू म्हणाल्या, माझ्या गुडघ्याचं तिला विचारा." मग, "तर, उद्या नीट कर."
फोन ठेवल्यावर बराच वेळ अभ्यास झाला नाही.

१७ मार्च
परीक्षा. चेहरा, मान, छाती त्यांनी स्वतः. पाठ आणि पाय मी. एकूण बावन्न मिनिटं. फ्राऊ के. खिडकीशी, हातात वही.
शेवटी शर्ट. सहा बटणं. दुसरं तिसऱ्या काजात गेलं, तिथून पुढे सगळीच एक घर खाली, शेवटच्याला काजच उरलं नाही. माझी बोटं आपोआप पुढे आली. मागे घेतली. विचारलं, "ठीक आहे का, हेर व.?" त्यांनी आरशात पाहिलं, बराच वेळ. "हो. पाच लागली की."
तसाच शर्ट घालून नाश्त्याच्या टेबलावर गेले, चमचा उजव्या हातात.
विचारलं ते पुरेसं होतं, की आरशापाशी थोडं थांबायला हवं होतं, कळत नाही. फ्राऊ के. नी शर्टाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एक ओळ लिहिली. निकाल सोमवारी.
फ्राऊ के. नी दिलेले बूट पुसून उद्याच्या ड्युटीसाठी दाराशी ठेवलेत.