मागची सीट

अण्णा,

तुम्ही चुकलात, एवढंच मला सांगायचं आहे. तुम्ही होता तेव्हाही सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होता आणि मला रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती. आज समोर नुसता कागद आहे, म्हणून सावकाश सांगते.

बीएचा निकाल लागला त्या संध्याकाळी तुम्ही चुलीजवळ पाटावर बसला होता. आपल्या घरात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं; तुम्हाला तर सहीपुरतीच अक्षरं येत. तुम्ही म्हणालात, "काय पायजे ते माग. शबुद दिला." तुमच्या मनात मनगटी घड्याळ होतं, हे मला आईकडून आधीच कळलं होतं. मी म्हणाले, "मला गाडी शिकवा." तुम्ही हसलात. मी हसत नाही असं पाहून आईकडे वळलात. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय? शबुद तुमी दिलाय की."

गाडी मालकाची, पेठेतल्या चादरीच्या व्यापाऱ्याची. ती काळी मोटार मी जन्मायच्या आधीपासून तुमच्या हातात होती. रविवारी ती पुसायला तुमच्या ताब्यात असे. मालकांना विचारून तुम्ही मला शिकाऊ लायसन काढून दिलंत, आणि अट घातलीत: होम मैदानाच्या बाहेर न्यायची नाही.

मैदानावर सकाळचं ऊन अजून कोवळं असतं. तुम्ही मला चपला काढायला लावता. "टाच टेकव. पाय झटक्यात उचलायचा न्हाय, हळू मागं घ्यायचा. गाडी कुटं धरती ते तळपायाला कळतंय. तितं जरा थांब, मग सोड." मी सोडते, गाडी बेडकासारखी उडी मारते आणि बंद पडते. मग तुम्ही आईला मागच्या सीटवर आणून बसवता. तिला गाडीतलं काही कळत नाही. तिनं फक्त डोक्यावर पदर घेऊन स्वस्थ बसायचं. तुम्ही रस्ता बघत नाही, माझे पायही बघत नाही, आरशात आईचा पदर बघता. गचका बसला की पदर घसरतो आणि तिचा हात वर जातो. "पडला. परत." पुन्हा चालू, पुन्हा गचका. "पडला. परत." आई कंटाळून म्हणते, "टाचणी लावू का?" तुम्ही म्हणता, "ती लबाडी झाली."

गिअर उतरवणं, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणणं, त्याहून अवघड. गाडी जुनी होती, दुसरा गिअर सरळ घेत नसे. क्लच दाबायचा, गिअर मोकळा करायचा, क्लच सोडायचा, थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच, आणि मग दुसरा. घाई केली की आतून करकर आवाज येई आणि तुमचा चेहरा कुणी तुम्हालाच चिमटा काढल्यासारखा होई.

मग तो मंद्रूपचा दिवस. मालक परगावी होते, चुलत्यांकडे जायला तुम्ही गाडी मागून घेतली होती. शहर मागे पडल्यावर मी हट्ट केला आणि तुम्ही मला चालवायला दिलंत. सीना नदीचा पूल ओलांडून मी चढावर गिअर उतरवला. आवाज झाला नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत, म्हणजे बरं झालं होतं. गाव दिसायला लागलं तसे तुम्ही म्हणालात, "थांबव. मागं आईजवळ जाऊन बस."

"का?"

"बाजार हाय आज. गाव बघंल की. शिकल्याली पोरगी मागं बसून आली म्हणतील."

"आणि तुम्ही?"

"मी हाय की डायव्हर."

मी थांबवली नाही. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मला शब्दान् शब्द आठवतं. "आजवर लोकं मागं बसून माझ्या मानंकडं बघत गप्पा मारत आली. मी हितं बसलोय ह्येबी त्यांच्या ध्यानात नसतंय. तुझ्या मानंकडं कुणी तसं बघायचं न्हाय. त्याच्यासाटी शिकवलं तुला."

मी म्हणाले, "दोष बघणाऱ्यांचा आहे, अण्णा. मागं बसून मी त्यांच्यातलीच एक होणार. मी नाही बसणार." तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. पुढे कांद्याची पोती, शेळ्या, माणसं. क्लच, मोकळा, क्लच, रेस, क्लच, दुसरा. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी बाजारात शिरली.

चुलते पानाच्या दुकानापाशी उभे होते. "काय रं, डायव्हर ठिवलास व्हय? पगार काय देतोस पोरीला?" सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "बीए हाय ती." त्यावर कुणीतरी बोललं, "बीए हून गाडीच हाणायची व्हती, तर तूच शिकवायचास की आधी, कालेज कशाला?" तुम्ही खाली मान घालून उतरलात आणि मालकीणबाईंसाठी उघडता तसं आईसाठी मागचं दार उघडलंत. गावच्या पुरुषांसमोर कधी न बोलणारी आई उतरता उतरता म्हणाली, "पदर न्हाय पडला." कुणाला काही कळलं नाही. तुम्हाला कळलं. तरी येताना गाडी तुम्हीच चालवलीत, आणि त्यानंतर मी चालवत असलेल्या गाडीत तुम्ही कधी बसला नाहीत. त्याच थंडीत छातीचं दुखणं निघालं आणि तुम्ही गेलात.

पुढे दुष्काळ पडला. मी ज्या संस्थेत लागले तिची जीप खडी फोडायच्या दुष्काळी कामांवर पोरांसाठी सुकडीचा खाऊ पोचवायची. ड्रायव्हर सोडून गेला, तेव्हा मी म्हणाले, मी नेते. अजूनही नेते. कामावर पोचले की मुकादम माझ्या मागे बघून विचारतात, "बाई, डायव्हर कुटाय?" मी म्हणते, "हितं." माझ्या मानेकडे कुणी कसंही बघो, ती खाली जात नाही. तुमचीही जायला नको होती. तुमची जागा माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून तुम्ही मला कॉलेजात घातलंत. मला ती जागा हवी होती. यावर मी आजही तुमच्याशी भांडायला तयार आहे.

एक राहिलं. परवा अक्कलकोटच्या एका शाळेनं बक्षीस समारंभाला पाहुणी म्हणून बोलावलं आणि गाडी पाठवली. ड्रायव्हरनं मागचं दार उघडून धरलं. पुढं बसते म्हणायला तोंड उघडलं होतं, पण आठवडाभर जीप चालवून पाठ दुखत होती. मी मागे बसले. पाठ टेकली, डोळे मिटले. फार बरं वाटलं, अण्णा.

तुम्ही असता तर हे पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवलं असतं, आणि एवढं शेवटचं गाळलं असतं.