दुसऱ्या बंदुकीचा ठोकळा

भिलाई, ता. ५ फेब्रुवारी १९६४

चि. मनकर्णास गुलाबदादाचे आशीर्वाद.

सवयीने हात 'सौ.' लिहून गेला, म्हणून हा दुसरा कागद घेतला. आम्हाला क्वार्टर मिळालं, नळाला पाणी आहे. तुझ्या कौशल्यावहिनीने इथल्या सुपेल्याच्या बाजारातून तुझ्या लेकीसाठी फ्रॉक आणलाय. इथे थंडी अजून आहे.

सतरा तारखेला तुझी साक्ष आहे आणि तू देवाजी लोहाराचं नाव घेणार आहेस. म्हणून आता टाळाटाळ पुरे.

मशीनशॉपमध्ये ओमप्रकाश मास्तरांनी शिकवलं होतं, की मागून काडतूस भरायच्या बंदुका निघाल्या तेव्हा काडतुसामागचा ठोकळा प्रत्येक बंदुकीपुरता घासून बसवत. पुढे हजारोंनी बनवायच्या ठरल्या, तेव्हा मापं तपासायचे गेज आले आणि एकीचा भाग दुसरीत बसू लागला. मी तेवढं शेवटचंच डोक्यात ठेवलं.

तुझ्या बळीरामजींची बंदूक त्यांच्या आजोबांच्या वेळची, हाताने घासून बसवलेली. तिचा ठोकळा झिजला होता. सुपेल्यात भंगारात तसल्याच बंदुकीचा मिळाला, तो घेऊन मी दिवाळीत गावी आलो. देवाजीने त्याला काजळ फासलं, बंदूक बंद करून उघडली. काजळ एकाच बाजूला पुसलं होतं; दुसरी बाजू टेकतच नव्हती.

"गुलाब, हा दुसरीचा आहे. घासाले चार दिवस लागतीन. तवरक गोळी नको झाडू देऊ," तो म्हणाला.

मी हसलो. "आता कोनी घासत नाही, देवाजी. आमच्या कारखान्यात पाहाले ये."

त्याच्याकडून बंदूक काढून घेतली आणि परसात बसून मीच ठोकळा बसवला. बळीरामजींना सांगितलं, देवाजीनं केलंय, बिनधास्त वापरा. त्यांचा त्याच्यावर भरवसा होता ना. हरभऱ्यात डुक्कर शिरलं, त्यांनी बार काढला, आणि ठोकळा मागे उडून त्यांच्या कपाळात गेला.

तेरवीला तू मला विचारलंस, "दादा, देवाजीनंच बसवला ना?" मी हो म्हणालो. तो हवालदाराला माझं नाव सांगत राहिला, पण कारखान्यातल्या माणसापुढे लोहाराचं कोण ऐकतो?

रजा मिळाली आहे. साक्षीच्या आधी येऊन ठाण्यात सगळं सांगतो. पण तुला ते फौजदाराच्या तोंडून कळायला नको होतं. तू देवाजीच्या दारात जाऊन थुंकलीस असं ऐकलं. मनू, ते माझं दार होतं.

तुझ्या कुंकवाचा मारेकरी,
तुझा सख्खा भाऊ
गुलाब