सपाट रेघ

२ जून
आजपासून शिस्त. लोखंडाचा गंज रोखणारं औषध मी शोधलंय : संत्र्याच्या सालींचा अर्क. जगाचं कल्याण होणार, इलाज नाही. बायकोची बदली झालीय. तू येणार की नाही, विचारत होती. निकाल आला की सांगतो म्हटलं. भांडण. फ्रिजमधल्या सालींवरूनही थोडं.

४ जून
प्रयोग सुरू. मिठाच्या पाण्यात लोखंडाचे दोन सारखे तुकडे, दोन्हींना चिमट्याने वायर. गंज चढताना विजेची बारीक थरथर होते. तिला आम्ही नॉइज म्हणतो. स्क्रीनवर रेघ नाचते. रेघ शांत झाली की गंज थांबला. गाईड मॅडम म्हणाल्या, आधी ब्लँक कर, म्हणजे औषध न घालता नुसतं मिठाचं पाणी. उद्या करू. ब्लँक काय, कोणीही करतं.

७ जून
औषध घातलं. रेघ नाचतेच आहे. घरी बायकोचा तोच प्रश्न. दोन्हीकडे डोस वाढवला. तिकडे अर्क, इकडे फुलं.

११ जून, दुपारी
रेघ सपाट! जराही हलत नाही. मॅडमना सांगितलं. इतकी सपाट कशी, म्हणाल्या. ब्लँक केलास का, म्हणाल्या. काही लोकांना कौतुक करणं जिवावर येतं.

१३ जून
घरीही यश. बायकोने बदलीचा विषयच काढला नाही. टोमणा नाही, आदळआपट नाही. फुलं लागू पडली.

१६ जून
बायको बॅग भरून भावाकडे गेली. मला निवांतपणे सेमिनारची तयारी करता यावी म्हणून असणार. समजूतदार आहे.

२० जून
सेमिनार. मॅडमनी सगळ्यांसमोर ब्लँक मागितला. आत्ता दाखवतो म्हटलं. नवे तुकडे, नुसतं मिठाचं पाणी, चिमटे तेच. रेघ सपाट. मॅडमनी एक चिमटा उचलला. चिमटा हातात आला, वायर टेबलावरच राहिली. खारं पाणी उडून उडून जोड गंजून तुटला होता, कधीचाच. औषधातले तुकडे बाहेर काढले. लालभडक. एक जण हसला. मीही हसलो, काय करणार.

संध्याकाळी
बायकोला फोन केला. निकाल गेला खड्ड्यात, तुझ्याबरोबर येतो म्हटलं. तिने सांगितलं, तिकडे एकटीपुरती खोली घेतलीय. मग जेवून घे म्हणाली. अजिबात चिडली नाही. मला फार भीती वाटली.