आधी मीठ

७ एप्रिल १९३०, सोम.
लॅटिनच्या तासाला फळ्यावर ‘सॅलॅरियम’ लिहून झालं होतं. रोमन शिपायांना मिठापोटी मिळणारा पैसा असावा, असं कोश म्हणतो. मीठच मापून देत, याला पुरावा नाही. पगाराचा मिठाशी संबंध मुलांना पटेना. म्हणालो, “माझी आईसुद्धा माझा पगार हातात पडला की आधी मीठ आणते. मग बाकीचं.” मुलं हसली. तेवढ्यात शाळेचा शिपाई यल्लाप्पा दारात.
“मास्तर, घराकडं चला.”
कॅम्पातल्या शाळेतून शहापूरला घरापर्यंत चालत आलो. आई गेली होती. आमची आक्का.

९, बुध.
आमच्यात तेराव्यापर्यंत अळणी. धाकट्या भावाला, दत्तूला, घास उतरेना. मी जेवलो. मीठ नाही हे जाणवलं नाही.

१०, गुरु.
यल्लाप्पा आला. सुतक, म्हणून हातात काही देईना. कागद पायरीवर ठेवला, वर दगड. हेडमास्तरसाहेबांनी टाइप करून पाठवलाय: त्या दिवशी वर्गात मिठाविषयी किंवा माझ्या आईविषयी मी काही बोललो नाही. खाली सहीची जागा. एका मुलाच्या वडिलांची तक्रार आहे, मास्तर वर्गात मिठाची चळवळ शिकवतात. पेपरात रोज तेच. सही नाही तर नोकरी नाही.
दत्तू आतून ओरडला, “सुतकात सही चालत न्हाई म्हणून सांग जा सायबाला!”
यल्लाप्पा गेल्यावर विचारलं, असं कुठं लिहिलंय?
“कुठं न्हाई. पर सायबाला काय ठावं, अण्णा?”

११, शुक्र.
साहेबांची चिठ्ठी. दुःखात सहभागी आहेत. विधी होईपर्यंत थांबतील. ईस्टरची सुटी संपली की मंगळवारी, २२ ला, कागद आणावा.
दत्तू : “बघ. साहेब आपल्यापेक्षा सोवळा.”
ही हसली. मग पदर तोंडाला लावला.

१५, मंगळ.
कागद कोशात ठेवलाय. ही म्हणाली, “द्या की लिहून. आत्याबाई काय वाचायला येणारायत?”
खरं आहे. आक्काला वाचता येत नव्हतं.
“दोन पोरं हायत आपल्याला,” एवढंच पुढं.
तेही खरं.

१९, शनि.
तेरावा. मीठ असलेलं पहिलं जेवण. बरणीत आक्कानंच भरलेलं होतं, गेल्या पगाराचं. दत्तू म्हणाला, आमटी खारट झाली. ही म्हणाली, रोजच्याएवढंच घातलंय. दोघं माझ्याकडं बघत राहिले. खारट की बरोबर, मला सांगता येईना.
रडू आलं नाही. येईल असं वाटलं होतं.

२१, सोम.
दुपारी कागद काढला. टाक बुडवला, वाळला, पुन्हा बुडवला. बोललो नाही म्हटलं तर ती मीठ आणत होती हे वर्गापुरतं पुसलं जाईल. वर्गापुरतंच. पण मी दुसरीकडं कुठंच ते बोललेलो नाही. तिच्याशीसुद्धा.
कागद उलटा केला. कोऱ्या बाजूला त्या दिवशी बोललो ते लिहिलं, जसंच्या तसं. त्याखाली सही.
हिला दाखवला. वाचला तिनं. “उद्या डबा करू का नको?”
कर म्हणालो.

२२, मंगळ.
सकाळी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, खणात ठेवला. पहिला तास घ्या म्हणाले. लॅटिन दुसऱ्या तासाला असतं. ते मी घ्यायचं की नाही, हे बोलले नाहीत.